जुन्या संगणकभाषांना वर्गात जागा द्या : संगणक विभागप्रमुखांना खुलं पत्र

प्रति,
सांगली जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयं, तंत्रनिकेतनं आणि बी.सी.ए., बी.सी.एस. शिकवणारी महाविद्यालयं येथील संगणक विभागप्रमुख व प्राध्यापक यांस,

विषय : कोबॉल, फोर्ट्रान, जी-कोड यांसारख्या जुन्या भाषांचं वाचन अभ्यासक्रमात सुरू करण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी साखर कारखान्याच्या ई.डी.पी. म्हणजे संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या विभागात नोकरी केली. ऊसबिलं, पगारपत्रकं, शेअर्सचं रजिस्टर, गोडाऊनचा साठा यांचे प्रोग्राम कोबॉल या हिशेबाच्या भाषेत लिहिले, पुढं काही फॉक्सप्रो या डेटाबेसच्या भाषेत. आता निवृत्त होऊन विश्रामबागेत राहतो. आपल्या महाविद्यालयांतली मुलंमुली प्रोजेक्टच्या निमित्तानं अधूनमधून घरी येतात. हुशार आहेत. पायथॉन येतं, जावास्क्रिप्ट येतं, मोबाइलचं ॲप बघता बघता उभं करतात. पण कोबॉलचं नाव निघालं की विचारतात, "काका, ते बंद पडलं ना?" फोर्ट्रान ही शास्त्रीय गणिताची भाषा तर बहुतेकांनी पहिल्या युनिटमधल्या 'भाषांच्या पिढ्या' या तक्त्यात एका ओळीपुरतं वाचलेलं असतं.

दर काही वर्षांनी नवी भाषा येते आणि जुनी संपते, असा समज घेऊन ही मुलं पदवीसह बाहेर पडतात. उद्योगात जे घडतं ते याच्या अगदी उलट आहे. तिथं नीट चालणारा प्रोग्राम कोणी बदलत नाही. प्रोग्राम टिकतो म्हणून त्याची भाषा टिकते, आणि जितकी वर्षं तो चालतो तितके त्या धंद्याचे नियम त्यात साठत जातात. तो वाचू शकणारी माणसं मात्र एकामागून एक निवृत्त होत आहेत. त्यांच्या जागी नवी माणसं तयार करणं हे महाविद्यालयांचं काम आहे आणि ते आपल्या सांगलीत सहज जमण्यासारखं आहे, एवढं सांगण्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

ऊसबिलापासून सुरुवात करतो, कारण माझी सगळी नोकरी त्याच्यात गेली. वजन गुणिले दर म्हणजे बिल, असं बाहेरच्याला वाटतं. प्रत्यक्षात वजनकाट्यावरून स्लिप आली की तिच्यावर सभासद क्रमांक, गट, गाव, उसाची जात, लागण की खोडवा, आडसाली की सुरू, तोडणीची टोळी, वाहन, शेतापासूनचं अंतर एवढं सगळं असतं. पंधरवड्याच्या स्लिपा गोळा करून बिल काढायचं. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज. दर एफ.आर.पी.चा, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला किमान दर. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलमागं ३५५ रुपये आणि उतारा त्याच्या वर गेला की प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. मग कपाती : विकास सोसायटीचं पीककर्ज, बँकेचा हप्ता, पाणीपट्टी, कारखान्यानं उधारीवर दिलेलं बेणं आणि खत, शेअर्सची बाकी, ठेव.

इथपर्यंत सगळं कागदावर सापडतं. खरी अडचण पुढं आहे. बिल कमी आणि कपाती जास्त अशी वेळ आली, तर आधी कोणाचे पैसे कापायचे? सोसायटीची मागच्या हंगामाची थकबाकी आधी, की चालू पीककर्ज? सभासद वारला आहे, खातेफोड व्हायची आहे, ऊस थोरल्या मुलाच्या नावानं आला आणि कर्ज वडिलांच्या नावावर आहे, अशा वेळी काय करायचं? गाडी कारखान्यात आली आणि काटा बंद पडला, तर सरासरी वजन कुठल्या दिवसाचं धरायचं? याची उत्तरं एका परिपत्रकात मिळत नाहीत. संचालक मंडळाचा एखादा ठराव, शेती अधिकाऱ्यांनी घालून दिलेली रीत, लेखापरीक्षकानं काढलेला दोष, सोसायटीच्या सचिवांबरोबर झालेली बैठक, यांतून हंगामागणिक एकेक नियम जन्माला आला आणि प्रोग्राममध्ये शिरला. ठराव फायलीत राहिला, तो मांडणारे गेले. नियम मात्र दर पंधरवड्याला न चुकता चालत राहिला.

एका कारखान्यात ही जुनी यंत्रणा काढून नवी बसवली गेली. काम करणारी मंडळी अनुभवी होती. त्यांनी कर्मचाऱ्यांना बसवून नियम विचारले, कर्मचाऱ्यांनी जे आठवलं ते सांगितलं. पहिल्याच पंधरवड्याला सोसायट्यांची वसुली जुळेना. काही शेतकऱ्यांच्या खात्यावर जास्त पैसे गेले, काहींच्या खात्यावर शून्य. सोसायट्यांचे सचिव ऑफिससमोर येऊन उभे राहिले. जुन्या कोबॉल प्रोग्रामची छापील प्रत, रुंद कागदाची, दोरीनं बांधलेली, तिथंच कपाटात होती. नव्या मंडळींपैकी कोणी ती उघडली नव्हती, कारण ती आपल्याला वाचता येईल असं कोणाला वाटलंच नव्हतं.

ती वाचायला मला बोलावलं. माझ्यासोबत तिथली नुकतीच लागलेली एक बी.सी.एस. झालेली मुलगी बसायची. थोड्याच दिवसांत ती माझ्याआधी पुढची ओळ सांगायला लागली. ही भाषा वाचायला सोपी आहे, कारण ती तशी घडवलीच आहे. १९५९ मध्ये अमेरिकेत सरकार आणि संगणक बनवणाऱ्या कंपन्या एकत्र बसल्या, तेव्हा ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक या आधीच्या भाषेचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. हिशेबाचा प्रोग्राम हिशेबनिसालाही समजला पाहिजे, हा त्यामागचा आग्रह. त्यामुळं कोबॉलमध्ये चिन्हांपेक्षा वाक्यं जास्त असतात. आम्ही तर नावंही मराठी ठेवायचो : नक्त-वजन, टोळी-क्रमांक, खोडवा-दर, मागील-थकबाकी. त्या मुलीला 'अपुरे-बिल' नावाचा परिच्छेद सापडला आणि कपातीचा सगळा क्रम तिथं ओळीनं लिहिलेला होता. माझ्या मते तो त्या कारखान्यातला सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज होता आणि तो कोणत्याही यादीत नव्हता.

आता पैशांच्या हिशेबाबद्दल थोडं, कारण इथं भाषेचा गुण थेट दिसतो. आपल्या कोणत्याही विद्यार्थ्याला पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करायला सांगा. उत्तर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ असं येतं. यात पायथॉनचा दोष नाही. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो आणि एक दशांश ही संख्या द्विमानात पूर्ण लिहिताच येत नाही, जशी एक तृतीयांश दशमानात लिहिता येत नाही. विज्ञानाच्या गणितात एवढा फरक चालतो. हजारो सभासदांच्या बिलांची बेरीज बँकेला पाठवलेल्या रकमेशी पैशापैशानं जुळायची असते तेव्हा तो चालत नाही. कोबॉलमध्ये रक्कम जाहीर करतानाच सांगायचं असतं : रुपयांचे सात आकडे, पैशांचे दोन, मधला बिंदू गृहीत. पुढचं गणित दशमानातच होतं आणि कुठं पूर्णांकात आणायचं तेही आपणच लिहितो. आयबीएमनं ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टम/३६० जाहीर केलं, त्यात दशमान गणिताची सोय थेट यंत्रातच होती. अशा दशमान गणितासाठी जावात बिगडेसिमल आहे, पायथॉनमध्ये डेसिमल आहे, हे मला माहीत आहे. पण ते आठवणीनं वापरावं लागतं आणि नवखा मुलगा हमखास विसरतो. प्रोजेक्ट म्हणून पतसंस्थेचं सॉफ्टवेअर केलेल्या मुलांना मी व्याजाचा कॉलम कोणत्या प्रकारचा घेतला हे नेहमी विचारतो. बहुतेक वेळा उत्तर 'फ्लोट' असतं, म्हणजे तोच द्विमानातला अपूर्णांक. जुनी भाषा शिकलेला मुलगा नव्या भाषेतही हा प्रश्न आधी विचारेल.

हे आपल्या जिल्ह्यापुरतं नाही. मोठ्या बँका आणि विमा कंपन्या यांचे मुख्य हिशेब आजही मोठ्या प्रमाणावर मेनफ्रेम या मोठ्या मध्यवर्ती संगणकांवर, कोबॉलमध्ये चालतात. आयबीएमची २०२५ मधली मेनफ्रेम १९६४ च्या त्या घराण्यातलीच आहे आणि त्या काळच्या पद्धतीनं लिहिलेले प्रोग्राम तिच्यावर चालावेत याची काळजी कंपनीनं इतकी वर्षं घेतली आहे. कोबॉलचं नवं आंतरराष्ट्रीय प्रमाण २०२३ मध्ये आलं. मेलेल्या भाषेचं प्रमाण कोणी नव्यानं काढत नाही. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या धक्क्यानं बेकारभत्त्याचे अर्ज अचानक वाढले, तेव्हा अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी पत्रकार परिषदेत कोबॉल येणारे स्वयंसेवक हवेत असं सांगितलं. तेव्हा अनेकांनी 'इतकी जुनी भाषा अजून कशी वापरता' म्हणून टीका केली. मला त्यात वेगळीच गोष्ट दिसली. यंत्रणा दशकानुदशकं चालली, तिला सांभाळणारी माणसं मात्र कोणी घडवली नाहीत.

आणि ती घाईनं बदलली तर काय होतं याचंही उदाहरण समोर आहे. ब्रिटनच्या टीएसबी बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये ५० लाखांहून अधिक ग्राहकांची खाती एका यंत्रणेवरून दुसरीवर हलवली. सुमारे १९ लाख ग्राहकांना आपल्या खात्यात जाता येईना. पुढं डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. हलवाहलव ही संगणकाच्या धंद्यातली सर्वांत अवघड कामगिरी आहे आणि आपल्या अभ्यासक्रमात तिच्यासाठी एक तासही नाही.

आपल्यापैकी जे पन्नाशीच्या आसपास आहेत त्यांना वाय-टू-के आठवत असेल. जागा वाचवण्यासाठी वर्ष दोन आकड्यांत लिहायची पद्धत होती आणि २००० सालाचं '००' झालं की व्याज, वय, मुदत सगळंच बिघडणार होतं. जगभरचा जुना कोबॉल ओळ न् ओळ वाचून दुरुस्त करायचा होता. भारतातल्या सॉफ्टवेअर उद्योगाचा पाया त्या कामानं भक्कम केला. सांगली, मिरज, कराड, सातारा इथली कितीतरी मुलं तेव्हा पुण्या-मुंबईला कोबॉलचा कोर्स करून अमेरिकेला गेली. दुसऱ्यानं लिहिलेलं वाचून समजून घेण्याच्या कामानं त्यांची घरं उभी राहिली. त्याच गावांतल्या आजच्या मुलांना आपण ती भाषा संपली असं सांगतो, हे मला खटकतं.

कोबॉल फार लांबचं वाटत असेल तर कुपवाड एमआयडीसीत चला. पंप, व्हॉल्व्ह, गाड्यांचे सुटे भाग यांचं मशिनिंग करणाऱ्या शॉपमध्ये सीएनसी (संगणकानं चालणाऱ्या) लेथसमोर उभा असलेला आयटीआयचा मुलगा जी भाषा दिवसभर वाचतो ती जी-कोड. एमआयटीमध्ये १९५२ मध्ये आकड्यांवर चालणारं मिलिंग मशिन दाखवलं गेलं, त्या काळातल्या कामातून ही भाषा वाढली. तेव्हा कागदी पट्टीला भोकं पाडून प्रोग्राम द्यायचे. पट्टी गेली, जी-शून्य म्हणजे झटकन सरक आणि जी-एक म्हणजे कापत सरक हे तसंच आहे. चित्रावरून मशिनचा प्रोग्राम काढून देणाऱ्या कॅम सॉफ्टवेअरवर कितीही सुंदर चित्र काढा, शेवटी मशिनला जातो तो जी-कोडच.

आणि तो वाचता न येणं किती महागात पडतं ते मशिनवर जॉब लावणाऱ्या सेटरला विचारा. फॅनुक कंपनीचा कंट्रोल असलेल्या लेथवर जी-९६ दिला की कापण्याचा वेग कायम राहतो, म्हणजे जॉबचा व्यास कमी होईल तसे स्पिंडलचे फेरे वाढतात. फेसिंग करताना, म्हणजे जॉबचं तोंड सपाट करताना, टूल मध्याकडं जातं, व्यास शून्याकडं जातो आणि फेरे मशिनच्या कमाल मर्यादेपर्यंत चढत जातात. म्हणून आधी जी-५० ची एक ओळ देऊन फेऱ्यांना मर्यादा घालायची असते. ती ओळ राहिली आणि चकमध्ये जड, वेडंवाकडं कास्टिंग धरलेलं असलं, तर वाढत्या फेऱ्यांबरोबर जबड्यांची पकड सैल होते आणि जॉब उडतो. सॉफ्टवेअरनं काढून दिलेल्या लांबलचक प्रोग्राममध्ये ती एक ओळ आहे की नाही हे बघणारे डोळे लागतात. संगणक विभागात शिकणाऱ्या मुलांना ही भाषा अस्तित्वात आहे हेच माहीत नसतं, आणि यांत्रिकी विभागात ती 'मशिनचं काम' म्हणून प्रॅक्टिकलपुरती उरकली जाते. दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. दोघांनी मिळून एक प्रयोगशाळा चालवली, तर कुपवाडच्या कारखानदारांना प्रोग्राम तपासणारी सॉफ्टवेअर स्वतःच्याच जिल्ह्यात लिहून मिळतील.

साखर कारखान्यातल्या पीएलसीचं, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या औद्योगिक संगणकाचंही असंच. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पीएलसी आलं तेव्हा त्याची लॅडर म्हणजे शिडीसारखी दिसणारी भाषा मुद्दाम रिलेच्या आकृत्यांसारखी ठेवली, म्हणजे वायरमनला ती वाचता यावी. आज बॉयलर हाऊसमध्ये मध्यरात्री काही अडलं तर वायरमन लॅपटॉप लावून तीच शिडी वाचतो.

फोर्ट्रानबद्दल मात्र मला जरा थांबून सांगायचं आहे, कारण त्याचा आपल्या कृष्णेशी संबंध आहे. जुलै-ऑगस्ट आला की सांगलीत माणूस माणसाला एकच विचारतो, "आयर्विनला किती फूट?" म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं आणि अर्धं शहर पाण्यात होतं. तेव्हापासून पावसाचा अंदाज हा आपल्याकडं बातम्यांच्या शेवटी ऐकायचा विषय राहिला नाही. कोयनेच्या पाणलोटात उद्या किती पडणार, यावर गाठोडी आज बांधायची की उद्या हे ठरतं. हे अंदाज ज्या गणिती प्रतिमानांतून येतात, त्यांतली डब्ल्यूआरएफ आणि जीएफएस ही जगभर वापरली जाणारी प्रतिमानं मुख्यतः फोर्ट्रानमध्ये लिहिलेली आहेत. जॉन बॅकस यांच्या चमूनं आयबीएममध्ये १९५७ साली जी भाषा दिली, तीच. तिचं ताजं प्रमाणही २०२३ चं आहे.

हवामानशास्त्रज्ञ ती का सोडत नाहीत, हे मुलांना वर्गात दाखवता येईल. वातावरणाचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात दाब, तापमान, वारा, बाष्प, आणि पुढच्या काही सेकंदांत ते कसे बदलतील हे सगळ्या चौकोनांसाठी पुन्हापुन्हा काढायचं. हे सगळं काम मोठमोठ्या सारण्यांचं, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यांचं. फोर्ट्रानमध्ये सारणी हा भाषेचा मूळ घटक आहे. शिवाय फंक्शनला दिलेल्या दोन सारण्या स्मृतीत एकमेकींवर चढलेल्या नाहीत असं कंपायलर (प्रोग्रामचं यंत्रभाषेत भाषांतर करणारा) नियमानंच धरून चालतो, म्हणून तो बेधडक वेगवान कोड काढू शकतो. सी भाषेत ती खात्री प्रोग्रामरला वेगळी द्यावी लागते. साठ वर्षांची तपासून घेतलेली सूत्रं आणि हा वेग एकत्र मिळत असताना नव्यानं लिहायचं कशासाठी?

स्थापत्य विभागातली मुलं पूररेषेच्या अभ्यासासाठी एचईसी-रास हे नदीच्या प्रवाहाचं सॉफ्टवेअर वापरतात. त्याची पूर्वज असलेली एचईसी-२ ही प्रणाली फोर्ट्रानमध्येच होती आणि तिथूनच ही परंपरा पुढं आली. आणि आपल्या पायथॉनच्या मुलांनी नमपाय हा गणिताचा संच वापरून समीकरणं सोडवली की काम खाली लॅपॅक नावाच्या संचाकडं जातं. १९९२ मध्ये आलेला तो संच मुळात फोर्ट्रानचा. पुण्यातल्या वाहन उद्योगात ॲबॅकस या भागांची ताकद तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर पदार्थाचं वेगळं वर्तन बसवायचं असेल तर ते उपप्रोग्राम आजही बहुधा फोर्ट्रानमध्येच लिहिले जातात. अशा नोकऱ्यांच्या मुलाखतीत आपली यांत्रिकीची मुलं या एका भाषेपाशी अडतात, हे त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे.

सी आणि एसक्यूएल यांच्याविषयी जास्त लिहीत नाही. डेनिस रिची यांची १९७२ ची सी आणि १९७४ मध्ये सुरुवात झालेली एसक्यूएल आपण शिकवताच. फक्त त्या किती जुन्या आहेत हे मुलांना सांगा.

जुनं ते सगळं ठेवा, असं माझं म्हणणं नाही. फॉक्सप्रोवर माझा जीव आहे, पण त्यावर आज पतसंस्था चालवू नये असंच मी सांगेन. त्याची शेवटची आवृत्ती २००४ ची, कंपनीनं आधार २०१५ मध्ये काढून घेतला, एका फायलीला दोन जीबीची मर्यादा आहे आणि सुरक्षिततेच्या आजच्या अपेक्षा त्याच्या जन्मावेळी कोणाच्या मनातही नव्हत्या. सी भाषेत स्मृतीच्या चुकांमधून केवढे धोके निघतात हे आपण जाणताच. लिनक्सच्या कर्नलमध्येही २०२२ पासून रस्ट या अशा चुका टाळणाऱ्या नव्या भाषेला जागा दिली आहे, आणि ते योग्यच झालं. पण फॉक्सप्रोतून बाहेर पडायचं तरी आधी फॉक्सप्रो वाचता यायला हवं. किती गावांतल्या पतसंस्था आणि दूधसंस्था त्या उंबरठ्यावर उभ्या आहेत, हे आपल्या विद्यार्थ्यांना एका सर्वेक्षणात कळेल. तो सर्वे हाच चांगला प्रोजेक्ट होईल.

दुसरा आक्षेप मी अलीकडं वारंवार ऐकतो. आता कृत्रिम बुद्धिमत्ता जुना कोबॉल घेऊन लगेच जावा काढून देते, मग मुलांनी कशाला शिकायचं? काढून देते, हे खरं आहे, आणि त्याचा उपयोग जरूर करावा. पण 'अपुरे-बिल' या परिच्छेदातला क्रम नव्या प्रोग्राममध्ये तसाच उतरला का, याची सही कोण करणार? जुना नियम मुद्दाम होता की कोणाची चूक होती आणि ती वर्षानुवर्षं चालत आली, हे कोण ठरवणार? त्यासाठी दोन्ही बाजू वाचणारा माणूस, मागच्या हंगामांची खरी बिलं, आणि दोन्ही यंत्रणा शेजारी ठेवून पूर्ण एक हंगाम पॅरलल रन, एवढं लागतंच. यंत्र जितकं भराभर भाषांतर करेल तितकी तपासणाऱ्याची गरज वाढेल.

आता माझी विनंती. तिसऱ्या वर्षाला एक ऐच्छिक विषय ठेवा, 'जुन्या प्रोग्रामचं वाचन आणि देखभाल'. स्वायत्त महाविद्यालयांना हे आपल्याच अभ्यास मंडळात करता येईल. बाकीच्यांनी शिवाजी विद्यापीठाकडं आणि तंत्रशिक्षण मंडळाकडं प्रस्ताव पाठवावा, आणि तोवर संध्याकाळचा वर्ग म्हणून सुरू करावा. खर्च जवळजवळ नाही. जीएनयू कोबॉल, जीफोर्ट्रान आणि फॉक्सप्रो-क्लिपरच्या घराण्यातलं हार्बर, सगळे कंपायलर फुकट मिळतात आणि लॅबमधल्या साध्या संगणकावर चालतात. लिनक्स-सीएनसी या फुकट सॉफ्टवेअरवर मशिनशिवाय जी-कोड चालवून बघता येतो.

परीक्षा मात्र वेगळी घ्या. 'कोबॉलची वैशिष्ट्यं लिहा' असा प्रश्न कृपा करून विचारू नका. मुलासमोर ऊसबिलाचा चारपाचशे ओळींचा प्रोग्राम ठेवा आणि एका शेतकऱ्याच्या स्लिपा द्या. या शेतकऱ्याच्या हातात किती पैसे पडतील आणि का, हे त्याला लिहू द्या. मग सांगा की एफ.आर.पी. बदलली, कमीत कमी ओळी बदलून प्रोग्राम दुरुस्त कर, आणि बाकी काही बिघडलं नाही हे सिद्ध कर. दुसऱ्यानं लिहिलेलं समजून घेणं, जपून हात लावणं, आणि आपण काय बदललं त्याची नोंद ठेवणं, नोकरीतला निम्म्याहून अधिक वेळ यातच जातो. महाविद्यालयात मुलं प्रत्येक वेळी कोऱ्या पडद्यावरून सुरुवात करतात.

शिकवायला कोण, हा प्रश्न आपल्याला पडेल. जिल्ह्यातल्या कारखान्यांतून, सूतगिरण्यांतून, बँकांतून ई.डी.पी.त काम केलेली माणसं अजून आहेत. कोणी मिरजेत नातवंडांत रमलंय, कोणी गावी शेती बघतंय. संगणकात भारतीय लिपी आणणारं सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवून डॉट-मॅट्रिक्सवर मराठीत ऊसबिलं छापणारी ही पिढी आहे. त्यांना मानधनापेक्षा बोलावणं महत्त्वाचं वाटेल. पण आम्ही कायमचे असणार नाही, म्हणून पहिल्या वर्गात आपले तरुण प्राध्यापकही विद्यार्थी म्हणून बसावेत.

साहित्य कारखान्यांकडूनच मिळेल. कार्यकारी संचालकांना आपण विभागाच्या लेटरहेडवर पत्र द्या : सभासदांची माहिती काढून टाकून फक्त बंद झालेल्या प्रोग्रामच्या प्रती अभ्यासासाठी द्याव्यात. बदल्यात विद्यार्थी त्या वाचून प्रत्येक नियम साध्या मराठीत लिहून देतील आणि ती वही कारखान्याला परत मिळेल. अंतर्वासितेचे तास त्यात धरता येतील. शेती विभाग आणि लेखा विभाग यांना ती वही किती उपयोगी पडेल, हे मी स्वतः त्यांच्याशी बोलायला तयार आहे.

माझ्याकडं फ्लॉपीवरून उतरवून ठेवलेले काही जुने प्रोग्राम आहेत : ऊसनोंद, टोळी आणि वाहतूकदारांचे हिशेब, पगार. त्यांत कोणाचीही वैयक्तिक माहिती नाही. संबंधित संस्थांची लेखी परवानगी मिळाली की ते जीएनयू कोबॉलवर चालतील असे करून, मराठी टिपांसह, जो विभाग मागेल त्याला देईन. पुढच्या सत्राचा अभ्यासक्रम ठरवायला आपण बसाल त्या बैठकीत पंधरा मिनिटं मिळाली, तर 'अपुरे-बिल' घेऊन येतो आणि आपल्यासमोर वाचून दाखवतो.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त ई.डी.पी. अधिकारी
विश्रामबाग, सांगली